घ्या, पण ऐकून घ्या

आमच्या गल्लीत नानांकडून विरजण आणायचं म्हणजे आधी अट ऐकावी लागे.

जळगावात आम्ही नव्यानं राहायला आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी मी वाटी घेऊन शेजारच्या दारात उभी राहिले. दार उघडलं ते उंच, लांब हातांच्या एका गृहस्थांनी. सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी सहा इंची पट्टी. ते वाटी घेऊन आत गेले, विरजण घालून आणलं, माझ्यापुढं धरलं; पण मी हात लावल्यावर वाटी सोडली मात्र नाही. दोघंही एकाच वाटीला धरून उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे.

"घ्या ताई, पण ऐकून घ्या," ते म्हणाले. "उद्या तुमच्याकडं कोणी मागायला आलं, तर नाही म्हणायचं नाही. आणि ज्याला द्याल, त्यालाही हेच सांगायचं. अट साधी आहे."

मी हो म्हटल्यावर वाटी सुटली.

पुढं महिन्याभरात समोरच्या किराणा दुकानवाल्या मारवाडी भाभी माझ्याकडं विरजणाला आल्या. मी इमानदारीत अट सांगायला तोंड उघडलं, तर त्याच हसून म्हणाल्या, "मालूम है, मालूम है. शर्तवाला दही." आमच्या गल्लीत कोणाच्याही घरी जेवलात तरी दही एकाच चवीचं लागायचं, त्याचं कारण हे.

नाना सरकारी खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. साऱ्या नोकरीत त्यांनी दुसऱ्यांनी योजलेल्या पाटांचे आणि पुलांचे नकाशे काढले. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण अक्का, एवढीच माणसं. हा माणूस एका जागी बसलेला मी क्वचित पाहिला. बोलताना फिरत, फिरता फिरता पट्टी काढून काहीतरी मोजत. माझ्या टायपिंगच्या क्लासात पहिल्यांदा आले तेव्हा बसा म्हटलं, तर त्यांनी स्टुलाची उंची मोजली आणि हे टायपिंगला एक इंच कमी आहे असं सांगून उभेच राहिले. मी त्या स्टुलाखाली लाकडाच्या चकत्या ठोकून घेतल्या. मुलींची पाठदुखीची तक्रार थांबली, हेही सांगायला हवं.

त्यांच्याकडची कुठलीही वस्तू अटीशिवाय बाहेर पडत नसे. शिडी न्या, पण आडवी ठेवा. करवत न्या, पण खिळ्याचं लाकूड कापू नका. एकदा भाभींच्या यजमानांनी शिडी नेली आणि उपकाराची फेड म्हणून तिची एक डुगडुगती पायरी काढून नवी, चांगली जाड पायरी बसवून परत केली. नानांनी त्या पायरीवरून हात फिरवला आणि शिडी आत नेली. पुढं बरेच दिवस ते किराणा दुसऱ्या गल्लीतून आणत होते. गंमत म्हणजे, नंतर छपरावरचं कौल सारताना ते त्याच पायरीवर जास्त वेळ उभे असलेले मी पाहिले.

आता मूळ गोष्टीकडं येते. गोष्ट गाडीची आहे.

केळीचा घड बागेतून बाहेर काढायचा म्हणजे तो खांद्यावर घ्यावा लागतो. माणसाचा खांदा सोलवटतो आणि घडाला डाग पडतो. डाग पडला की व्यापारी नाक मुरडतो. बैलगाडी केळीच्या दोन ओळींमध्ये शिरत नाही. नानांनी त्यावर एक गाडी योजली होती. एकच चाक, तेही सायकलचं. वर पाळण्यासारखी झोळी, झोळीत दोन घड आडवे निजतात. मागं धरायला दोन मुठी. ओल्या मातीतही एक माणूस ती दोन ओळींमधून ढकलत नेऊ शकतो. कुठल्याही गावातल्या वेल्डिंगवाल्याला करता येईल, इतकी साधी. त्यांच्या सगळ्या आयुष्यात हा एक नकाशा त्यांचा स्वतःचा.

त्या गाडीची बातमी धुळ्याच्या एका कारखानदाराच्या कानावर गेली. तो माणूस मोटारीनं आला, ओसरीवर बसला, ताक प्यायला आणि म्हणाला, नकाशा मला द्या, मी माझ्या नावानं नोंदवून घेतो, गाडीवर तुमचं नाव रंगवतो. नानांनी विचारलं, मग एरंडोलच्या लोहाराला ती करायची झाली तर? कारखानदार म्हणाला, त्यानं कशाला करायची, माझ्याकडून विकत घ्यावी. नानांनी त्याला दुसरा पेला ताक दिलं आणि नकाशा गुंडाळून आत ठेवला. जाता जाता तो हसत म्हणाला, "नाना, मी नाही तर दुसरा कोणी नोंदवील. तुम्ही बघत राहाल."

या वाक्यानं नाना बेचैन झाले. ते आधीही स्वस्थ नसत. आता तर त्यांच्या येरझारांनी ओसरीवरचं सारवण झिजलं. थंडीत धुळ्याला शेतीचं प्रदर्शन भरणार होतं. त्याच्या आत नकाशाच्या प्रती काढायच्या आणि तिथं येईल त्याला फुकट वाटायच्या, असं त्यांनी ठरवलं. नकाशा तयार होता. खाली उजव्या कोपऱ्यात फक्त एक चौकट रिकामी होती. त्या चौकटीत अट यायची होती, आणि ती माझ्या मराठी टाइपरायटरवर टाइप करून हवी होती.

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. त्या आठवड्याच्या कामांत मी ते गॅस सिलिंडर आणि परीक्षेचे अर्ज यांच्या मध्ये टाकलं. सिलिंडर आला, अर्ज गेले, परीक्षेचा निकालसुद्धा लागला. अट तिथंच होती.

मला कामाचे तुकडे करायची सवय आहे, म्हणून मी त्यांच्यापुढं चार प्रश्न ठेवले. एक, नकाशाची नक्कल कोणीही करावी का? दोन, त्यावरून गाडी करून कोणी विकली तर चालेल का? तीन, कोणी गाडीत फेरफार केला तर? चार, ज्याला नकाशा मिळेल त्यानं तो पुढं दिलाच पाहिजे का?

पहिल्याला ते म्हणाले, करावी. दुसऱ्याला म्हणाले, विकावी की, लोहारानं खायचं काय? चौथ्याला तर प्रश्न संपायच्या आत म्हणाले, दिलाच पाहिजे, विरजणासारखा. तिसऱ्या प्रश्नाला ते उठले, म्हणजे उभेच होते, ते खिडकीपाशी गेले आणि बाहेर रिक्षा वळत होती तिकडं बघत राहिले.

"तिसरं उद्या सांगतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास उघडायच्या आधीच पायरीवर हजर. लिहा, मूळ नकाशात कोणताही फेरफार करू नये. मी टाइप केलं. दुपारी परत आले. काढा ते, फेरफार खुशाल करावा, पण तो सगळ्यांना खुला ठेवावा. हे मला पटलं. समजा, एखाद्यानं झोळी सुधारली, तर ती सुधारणा त्यानं दाबून ठेवू नये, इतरांनाही मिळावी. विरजणाचाच न्याय. पण दोन दिवसांत तेही गेलं. मग, फेरफार करावा, पण त्या गाडीला माझ्या गाडीचं नाव देऊ नये. मग पुन्हा, करू नये. ट्रेसिंग कागदावर टाइप केलेलं खोडायचं तर अर्ध्या ब्लेडनं खरवडावं लागतं. नाना तसं खरवडण्यात तयार. पण त्या चौकटीत तिसऱ्या ओळीशी कागद इतका विरला की पलीकडचं बोट दिसायला लागलं. क्लासातल्या मुली त्यांना येताना पाहिलं की आपसांत पैजा लावत, आज करावा की करू नये.

मी त्यांना वकिलांकडं नेलं. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील, शांत माणूस. त्यांनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली चांगली होती. चारचौघांत नकाशा एकदा वाटून टाका, तारीख घालून. मग ही गाडी मी नवी शोधली असं म्हणायला दुसऱ्याला तोंड राहणार नाही. दुसरी तितकी चांगली नव्हती. कागदाची नक्कल करू नका म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, कारण कागद तुम्ही काढलाय. पण तो बघून कोणी लोखंड कापलं, वाकवलं, जोडलं, तर त्या लोखंडावर तुमच्या चौकटीचा काही जोर चालत नाही.

"म्हणजे अट काय कामाची?" नानांनी विचारलं.

"अट म्हणजे विनंती समजा," वकील म्हणाले.

 परत येताना नानांनी पुलाच्या कठड्याची उंचीही मोजली नाही. घराजवळ आल्यावर मात्र थांबून म्हणाले, विरजणाची अट तरी कोण कोर्टात नेणार आहे, ताई? पण आजवर गल्लीत कोणी नाही म्हटलेलं नाही. मग लिहा. मी सांगतो तसं लिहा.

त्या दिवशी तिसरी ओळ ठरली. ती अशी होती: फेरफार करावा, मात्र फेरफार करणाऱ्याने बदललेली गाडी एकदा नकाशा काढणाऱ्याच्या दारात आणून दाखवावी.

मी हात थांबवला. मी व्यवहारी बाई आहे. पिंपळनेरचा शेतकरी मुठीची लांबी बदलली म्हणून एकचाकी गाडी घेऊन जळगावापर्यंत कशाला येईल? एसटीवाला ती टपावर तरी घेईल का? निदान कळवावे असं लिहा, पोस्टकार्ड टाकतील. नाना ऐकेनात. कळवून काय होतं, म्हणाले, गाडी डोळ्यांनी बघावी लागते. मी म्हटलं, लोक हसतील. ते म्हणाले, "राहू द्या, ताई. तेवढी ओळ राहू द्या."

मी तावातावानं अक्कांकडं गेले. भाऊ ऐकत नसला तर बहिणीला सांगावं, म्हणून. अक्का अंगणात उन्हात शेंगा निवडत होत्या. माझं सगळं गाऱ्हाणं त्यांनी ऐकून घेतलं. नाना माझ्याशी शाळेतली मराठी बोलत, पण घरात दोघं भावंडं अहिराणीच बोलायची, आणि अक्का तर कोणाशीही तीच.

"तो अट नही लिखी राह्यना, ताई," त्या म्हणाल्या. "बापूले बलाई राह्यना."

नाना ज्याला बोलावत होते, त्या बापूचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बापू म्हणजे नानांचा धाकटा भाऊ. एरंडोलजवळच्या गावी घरची शेती तोच करतो. घडाखाली खांदा सोलवटायचा तो त्याचा, आणि त्याच्या खांद्यासाठीच नानांनी ती गाडी योजलेली. पहिली गाडी गावात केली, बापूच्या हातात दिली आणि अट घातली: जशी आहे तशीच वापर. पुढच्या सुट्टीत नाना गावी गेले तर गाडीच्या दोन्ही मुठी खाली वाकवलेल्या. बापूनं लोहाराकडून त्या तापवून वाकवून घेतल्या होत्या. नानांनी काही विचारलं नाही. घण मागवला आणि बांधावरच्या दगडावर ठेवून, चार माणसांदेखत, त्या मुठी ठोकून ठोकून सरळ केल्या. बापू उभा राहून बघत होता. त्यानंतर तो जळगावच्या घरी आला नाही आणि नाना गावी गेले नाहीत. अक्का दोन्हीकडं जाऊन येऊन होत्या. पण ह्याचा निरोप तिकडं नाही, त्याचा इकडं नाही.

"मंग त्यानी मुठी परत वाकाडी का नही वाकाडी, कोणले माहीत," अक्का म्हणाल्या आणि शेंगा पाखडायला लागल्या.

मी घरी आले, विरलेल्या चौकटीवर डकवायला मशीनमध्ये कोरा ट्रेसिंग कागद घातला आणि चारही ओळी नीट, एकही चूक न करता टाइप केल्या. तिसरीसकट.

धुळ्याच्या प्रदर्शनाला आम्ही तिघं गेलो. एका मंडपाच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर नकाशांचा गठ्ठा, शेजारी नव्यानं करून घेतलेली एक गाडी, तिच्या झोळीत भुसावळकडून आणलेले दोन घड. नाना टेबलामागं बसलेच नाहीत. येणाऱ्याच्या हातात नकाशा द्यायचा आणि त्यानं धरला तरी सोडायचा नाही; घ्या भाऊ, पण ऐकून घ्या. मागं रांग लागायची. लोकांना वाटायचं, इथं काहीतरी फार मोलाचं मिळतंय, म्हणून रांग वाढायची. दुपारी मी चहाला बाहेर पडले तर शेंगदाणेवाल्यानं आमच्याच नकाशाच्या पुड्या बांधलेल्या. मी रागावले. नानांनी एक पुडी विकत घेतली, उलगडून पाहिली आणि म्हणाले, अटीची बाजू बाहेर आहे, चालेल. तो कारखानदारही येऊन गेला. त्यानं चौकट वाचली, तिसऱ्या ओळीशी थांबला, आणि दारात आणून दाखवायची का, असं विचारून मोठ्यानं हसला. हो, म्हणाले नाना, ताकही मिळेल.

संध्याकाळी गठ्ठा संपला. सगळं आवरल्यावर नाना अक्कांना हळूच विचारताना मी ऐकलं, आपल्या गावचं कोणी ऊनं व्हतं का? अक्का म्हणाल्या, दोघं ऊनथात. नकाशा ली गयात. म्हणजे दोघं येऊन नकाशा घेऊन गेले होते.

मग वाट बघणं सुरू झालं. ते कोणी बोलून दाखवलं नाही, पण नानांच्या येरझारा आता ओसरीवरून गल्लीच्या तोंडापर्यंत लांबल्या. मी त्यांना सांगत होते, कोणी येणार नाही. माझा अंदाज चुकला. उन्हाळा लागता लागता चोपड्याकडचा एक शेतकरी टेंपोत गाडी घालून आला. त्यानं झोळीच्या जागी दुधाच्या कॅनसाठी चौकट बसवलेली. पिंपळनेरहून एक जण खरंच एसटीनं आला, गाडी नव्हती, नुसतं चाक मांडीवर घेऊन. त्यानं रेतीसाठी रुंद टायर घातलेलं. डाळमिलमधला एक फिटर आला. आणि एका दुपारी धुळ्याची मोटार आली, मागं दोरीनं बांधलेली निळ्या रंगाची चकचकीत गाडी. कारखानदार खाली उतरला आणि, दारात आणायची होती ना, असं पुटपुटत ओसरीवर बसला. त्याला ताक मिळालं.

प्रत्येक गाडी नाना पट्टीनं मोजत, गल्लीत ढकलून बघत, बदल करणाऱ्याचं मनापासून कौतुक करत. शिडीच्या पायरीवरून फुगून बसणारा माणूस हाच का, असं मला वाटे. पण पाहुण्याला जेवायला वाढून झालं की ते पुन्हा गल्लीच्या तोंडाशी. कोणी गाडी घेऊन वळताना दिसलं की आधी त्याच्या मुठींकडं बघत. मुठी सरळ असायच्या.

बापू आले ते भर उन्हाच्या वेळी. डोक्याला उपरणं, आखूड बांध्याचा माणूस, एसटी स्टँडपासून गाडी ढकलत आणलेली. भाभींनी दुकानातून पाहिलं आणि मला हाक मारली, म्हणून मी बाहेर आले. गाडी जुनी होती. मुठी खाली वाकवलेल्या. आणि त्या वाकलेल्या जागी घणाचे जुने ठोके अजून दिसत होते.

नाना ओसरीवरून उतरले. भावाकडं बघितलं नाही. खाली बसून त्यांनी मुठीला पट्टी लावली. मग दुसऱ्या मुठीला. बराच वेळ मोजत होते. दोन मुठी मोजायला लागतो त्याहून कितीतरी जास्त.

"काबरं वाकाड्या?" शेवटी त्यांनी मुठीलाच विचारलं.

"तुना हात लांबा शेतस, भाऊ," बापू म्हणाले. "मना आखूड शेतस."

नाना उठले. मुठी धरल्या. ते उंच, मुठी खाली. तशा धरून चालणं शक्य नव्हतं. मग त्यांनी गुडघे वाकवले. बापूंच्या उंचीएवढे झाले आणि तसेच, वाकलेल्या गुडघ्यांनी, रिकामी गाडी ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. भाभींच्या दुकानातली गिऱ्हाइकं हसली. नाना वळले आणि तसेच ढकलत परत आले. परत आले तेव्हा हसत कोणीच नव्हतं.

"बराबर शे," ते म्हणाले आणि गाडी भिंतीला टेकवून ठेवली. "चाल. जेवाले चाल."

दुपारभर त्या घरातून अक्कांचाच आवाज येत होता. मी दोनदा काहीतरी निमित्त काढून डोकावले. एकदा तर दोघं भाऊ जमिनीवर नकाशा पसरून बसले होते. नाना, चक्क बसले होते. वाकलेली मूठ त्यांनी मूळ नकाशावर तुटक रेषेनं काढली होती आणि तिच्याशेजारी नाव घालायला जागा सोडून बापूंना विचारत होते, नाव पुरं घालू का नुसतं बापू?

दिवे लागायच्या वेळी माझं दार वाजलं. नाना. हातात रिकामी वाटी.

"ताई, विरजण आहे का?"

 सगळ्या गल्लीचं दही ज्या घरातून सुरू झालं, त्या घरातलं विरजण संपलं होतं.

"बापूनं परत परत दही मागितलं," ते म्हणाले. "अक्का वाढत गेली. मी बघत बसलो. बाजूला काढून ठेवायचं राहूनच गेलं."

मी वाटी आत नेली, विरजण घातलं, आणून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी हात लावला. मी सोडली नाही. दोघंही एका वाटीला धरून उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे. ते समजले आणि शिस्तीत वाट बघायला लागले.

"बापू कधी जाणार?" मी विचारलं.

"सकाळच्या पहिल्या गाडीनं जातो म्हणतोय."

"मग घ्या नाना, पण ऐकून घ्या. हे दही लागून, दुपारी ते जेवल्याशिवाय बापूंना सोडायचं नाही."

"ही अट कोर्टात टिकायची नाही, ताई," ते म्हणाले.

मी वाटी सोडली. नाना वळले आणि विरजण हिंदकळू नये म्हणून, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं इतक्या सावकाश, एकेक पाऊल टाकत घराकडं गेले. दार लोटलेलं होतं. ते पायानं उघडून आत गेले आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"बापू, सकायनी गाडी राहू दे."